पेटीत कलमाचा चाकू नाही

तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर म्हणालात, "आजी, घरातली जुनी हत्यारं आम्हाला दे, आम्ही भिंतीवर लावू." मला आधी हसू आलं. तुमच्या पणजीची पावशी तुमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर कशी दिसेल, ते डोळ्यांसमोर येईना. पाटाला उभं पातं बसवलेलं, पाट पायाखाली दाबून भाजी चिरायची, ती पावशी. पण हसता हसता मला सुटल्यासारखंही वाटलं. त्याचं कारण मी तुमच्या बाबांनाही नीट सांगितलेलं नाही.

तुमच्या आबांचे हात थरथरतात, हे तुम्ही फोनवर पाहिलं आहे. हृदयाच्या दुखण्यासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे तुम्हाला दिसत नाही. उन्हाळ्यात अडकित्त्याने सुपारी कातरताना त्यांच्या बोटाला लागलं. एरवी हळद दाबली की भागलं असतं. त्या दिवशी टॉवेल भिजला तरी रक्त थांबेना. ऑटोतून दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी त्यांचा हात दोन्ही हातांनी वर धरून बसले होते. टाके घालून परत येताना ते म्हणाले, "सुपारी तं तशीच राह्यली."

त्यानंतर अडकित्ता मी तांदळाच्या डब्यामागे ठेवला. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं, असेल इथेच कुठेतरी. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि माझी काळजी उलट वाढली. दुपारी डोळा लागला तरी मागच्या अंगणात खुरप्याचा आवाज येतो का, इकडे माझा कान असायचा. माणसाच्या हातातून आयुष्यभराची वस्तू काढून कशी घ्यायची, हे मला कुठल्याच शाळा-कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

तुमच्या मागणीने मला वाट सापडली. खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं बाहेर निघतात. धुऊन, पुसून, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहून ती पाटावर मांडतात, आणि त्या दिवशी मग त्यांना कामाला लावत नाहीत. मी ठरवलं, पूजा झाली की ती परत जागेवर न ठेवता सरळ पेटीत भरायची. दिवाळीला तुमचे बाबा आले की त्यांच्या मोठ्या बॅगेतून तुमच्याकडे. आबांना कोणी नाही म्हणायला नको, त्यांनी कोणावर रागवायला नको.

खंडेनवमीच्या सकाळी मी माळ्यावरून पावशी उतरवली. पणजोबांचा इळा काढला, त्याची बाभळीची मूठ त्यांनी स्वतः तासलेली, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. खुरपी, कुऱ्हाड, अडकित्ता, सगळं ओळीने मांडलं. राहिला कलमाचा चाकू. संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे कलमासाठी वाढवलेल्या रोपावर, साल चिरून त्यात चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवतात, त्या कामाचा हा चाकू. पातं बोटाएवढंच, पण धार अशी की लागलेलं कळत नाही. तो पणजोबांनी आबांच्या स्वाधीन केला होता आणि खुंटीवरच्या कापडी पिशवीतून दुसऱ्या कोणी तो कधी काढला नाही.

पिशवी रिकामी होती. दारात आबांच्या चपला नव्हत्या. मी फोन लावला, तर तो बाजेवर त्यांच्या उशीखाली वाजला.

पवनारला आपली संत्र्याची थोडी वाडी आहे, ते तिथेच गेले असणार हे मला कळलं. सिंदी मेघेच्या चौकात ऑटो मिळाला. धाम नदीच्या पुलावर गर्दी होती आणि मी ऑटोवाल्याला उगाचच सांगत होते की घाई नाही, फक्त थांबू नका. मनात एकच हिशेब चालला होता. लागलं असेल तर तिथून दवाखाना किती लांब, आणि तिथे त्यांचा हात वर धरायला कोण आहे.

वाडीत निंदायला येणारी बाई बांधावर बसून डबा खात होती. मला पाहून म्हणाली, "काकू, काका कवाचे बसले आहेत तिकडं. मी म्हनलं चहा घ्या, तं म्हनते, हात रिकामा नाई."

ते एका कोवळ्या खुंटाजवळ मांडी घालून बसले होते. चाकू उजव्या हातात, मनगट डाव्या हाताने धरलेलं. मी रक्त शोधत होते. धोतरावर नव्हतं, मातीवर नव्हतं.

"काऊन आली वं धावत? मेलो नाई मी."

"अहो, फोन घरी. सांगून तरी यायचं."

"सांगतलं असतं तं येऊ देलं असतं तू?" त्यांनी खुंटाकडे मान केली. सालीवर दोन-तीन वाकड्या चिरा होत्या. त्यांच्या वर एक सरळ, आणि तिच्यात हिरवा डोळा नीट बसलेला. "मले माईत होतं, आज पूजेले बसवलं की हे काही मले पुन्हा दिसनार नाई. म्हनून एक डोळा भरून घेतला. पट्टी बांधनं होत नाई. तू बांध."

मी खाली बसले. त्यांनी सांगितलं तशी प्लॅस्टिकची पट्टी डोळ्याच्या खालून वर गुंडाळली, डोळा तेवढा उघडा ठेवला. गाठ मारताना माझेच हात थरथरत होते. "बरं झालं," ते म्हणाले, "आता दोघंबी एकाच कामाचे."

आपल्या घरात धारेची वस्तू कोणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. जमिनीवर ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासूबाईंपुढे चाकू धरला, तेव्हा मी तो खाली ठेवेपर्यंत त्यांनी हात पुढे केला नव्हता. आबांनी पातं पुसलं, चाकू आमच्या दोघांच्या मध्ये मातीवर ठेवला आणि दुसरीकडे पाहू लागले. मी उचलला. "अडकित्ता कुठी हाय, ते तरी सांगजो," ते उठता उठता म्हणाले. मी सांगितलं.

संध्याकाळी पूजा झाली. पेटी भरली आहे, ती तुम्हाला मिळेल. कलमाचा चाकू तिच्यात नाही, तो माझ्या पर्समध्ये आहे. आता वाडीवर आम्ही दोघं जातो, सकाळीच, थरथरीवरच्या गोळीचा असर असतो तोवर. त्यांनी खुंट निवडला की मी चाकू त्यांच्यापुढे मातीवर ठेवते आणि पट्टी घेऊन बसते. तो पहिला डोळा अजून हिरवा आहे, असं ते सांगतात. मी झाडाकडे पाहतच नाही, माझं सगळं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे असतं.