अक्षता पडताना

धारूरच्या डिस्कवाल्या काकूंकडे लग्नाची व्हिडिओ कॅसेट डिस्क करायला नेली, की पहिल्या दिवशी त्या कामाला हातच लावायच्या नाहीत. कॅसेट लावायची, हाताची घडी घालायची आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न बघायचं. ओळख ना पाळख. तरी नवरीची मावशी कुणावर रुसलीय हे त्यांना बरोबर कळलेलं असायचं.

माझा स्वभाव घाईचा. शाळेत शिकवते, सगळं घंटेच्या आत उरकायची सवय. म्हणून माझ्या लग्नाची कॅसेट मी आधी दुसऱ्याच दुकानात दिली आणि त्याच संध्याकाळी डिस्क घेऊन घरी आले. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पट्टी सुटल्यावर तिनं एकच मागितलं होतं, "तुझ्या दादांना एकदा नीट बघू दे." दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. फोटो काढायचा म्हटलं की पळायचे. हलतेबोलते दादा फक्त त्या कॅसेटमध्ये होते, तेही मंगलाष्टकांपुरते.

डिस्क लावली. अक्षता पडायला लागल्या आणि नेमके तेव्हाच दादांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. आई घाबरली. "ऑपरेशन बिघडलं का गं माझं?" म्हणाली. हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी काकूंच्या दुकानात हजर झाले.

"आईच्या डोळ्याला काई झालं न्हाई," डिस्क बघून काकू म्हणाल्या. "हे अक्षतांनी केलंय. भटजी बसून बोलायलेत, तिथं मशीनला काम थोडं. पण अक्षता म्हणजे हजारो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी. डिस्कवर तेवढं लिहायला जागा पुरत न्हाई. मग ते चेहरे खातं. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर! पोत्यात कापूस दाबायचाय का?"

"मग पंगत कापा," मी म्हणाले.

"कावून? पंगतीत कुणाचा तरी बाप जेवायला बसलेला असतो." कापाकापी त्यांना मान्यच नव्हती. ऊसतोडीला निघालेल्या घाईच्या माणसांनाही त्या हेच ऐकवायच्या, पण ट्रॅक्टर सुटायच्या आत डिस्क तयार ठेवायच्या. आमच्या लग्नाच्या दोन डिस्क करायचं ठरलं.

जुन्या कॅसेटच्या चित्रात मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, फार होत्या. त्या काकूंनी हलक्या हातानं कमी केल्या. "न्हाईतर मशीन मुंग्याच जपत बसतं. पण लई पुसायचं बी न्हाई, माणूस मेणाचा दिसतो." मग मशीनच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, जागा देताना कुठं हात आखडायचा आणि कुठं सढळ सोडायचा ते. लिहायचं दुसऱ्या फेरीत. पहिली फेरी संपेपर्यंत मी दहादा घड्याळ बघितलं. "बाई, तुमी वही उघडली की लगेच लाल पेन काढत असाल," काकू म्हणाल्या. मला राग आला, कारण ते खरं होतं.

डिस्क देताना त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षता पडताना दादांच्या हाताकडं बघा."

घरी आईच्या शेजारी बसून बघितलं. चित्र स्वच्छ. दादांच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसत होता. अक्षता पडायला लागल्या, सगळ्यांचे हात वर गेले. दादांची मूठ मात्र मिटलेलीच. मंगलाष्टकं संपली, बँड वाजला, तरी मिटलेलीच.

"मला तर म्हणायचे, पहिली अक्षता माझीच पडली," आई म्हणाली आणि हसली. "लबाड माणूस." मग तिला रडू आलं. "टाकवल्याच न्हाईत गं त्यांना." मीही रडले. दादा माझ्यासाठी एवढे हळवे असतील हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

काकूंचं दुकान आता बंद झालंय. डिस्क लावायला यंत्रच राहिलं नाही कुणाकडे. त्या लेकीकडे माजलगावला राहतात. मी मात्र अजून पोरांच्या वह्या आधी पेनाचं टोपण न काढता वाचते. पोरं चुकतात तेवढीच, पण कावून चुकली ते कळतं.

यंदा माझ्या लेकीचं लग्न झालं. काकू आवर्जून आल्या आणि पुढच्याच रांगेत हाताची घडी घालून बघत बसल्या. अक्षता पडायला लागल्या आणि माझी मूठ काही केल्या उघडेना. आईनं कोपरानं ढोसलं.

"टाक गं," ती म्हणाली. "काकूंना दिसायलंय."