अंगावरची साडी

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण तिचं थोपटणं मला अजून आठवतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चार महिन्यांच्या लेकीला घेऊन मी सांताक्रूझच्या विमानतळावर बसले होते. नवरा कुवेतला नोकरीला. बोरिवलीच्या आमच्या चाळीत कोणी विमानात बसलेलंच नव्हतं, तर मला सांगणार कोण?

शेजारी साठीची एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर थोपटत होती. माझी तारांबळ बघून तीच म्हणाली, "विमान चढताना आणि उतरताना अंगावर पाज, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत. लंगोट मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हाताशी ठेव. आणि नेसलेली एक सुती साडी जवळ घे, न धुतलेली. आईचा वास आला की पोरं झोपतात."

तिचं बाळही तशाच एका विटक्या निळ्या साडीत गुंडाळलेलं होतं.

"नातू का, मावशी?"

"नाही गं. अंधेरीच्या अनाथाश्रमातला आहे. परदेशात दत्तक दिलाय, मी पोचवायला चाललेय." तिचा हात थोपटायचा थांबला नाही. "ह्यांना आईचा वास कुठला? म्हणून निघायच्या आधी आठवडाभर मीच कुशीत घेऊन झोपते. साडीही बाळाबरोबर देऊन येते."

"मग तिकडे रडत नाहीत?"

तिनं साडीचं टोक बाळाच्या गालाखाली सरकवलं.

"पहिल्या रात्री नाही रडत," ती म्हणाली. "मग ती माणसं साडी धुतात."