पानं झडलेली आमरी

कोल्हारच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. तिथल्या प्रयोगशाळेत बनाबाई साळवे कामाला होत्या. परीक्षानळ्या धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, झाडांची देखभाल. बारा वर्षं झाली होती, तरी नेमणूक दर अकरा महिन्यांनी नव्यानं.

त्यांचं माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरात. तिथं वादळात मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीवर त्यांना आमरीचे दोन झुबके मिळाले. आमरी म्हणजे ऑर्किड. ही अगदी छोटी जात, लसणाच्या पाकळीएवढ्या हिरव्या गाठी आणि त्यांवर दोन-तीन पानं. पहिला झुबका बनाबाईंनी कुंडीतल्या मातीत लावला, रोज बोअरचं खारट पाणी घातलं. महिन्याभरात गाठी पिचपिचीत होऊन कुजल्या. दुसरा त्यांनी आंब्याच्या लाकडाच्या ढलपीवर सुतळीनं बांधून खिडकीबाहेर टांगला. तो जगला.

डिसेंबरात रविराज सर विभागप्रमुख होऊन आले. सोमवारी कॉलेजच्या तपासणीला कमिटी येणार होती. गुरुवारी सरांची नजर त्या ढलपीवर गेली.

"हे वाळकं काय टांगलंय?"

"आमरी हाय सर. निजलीय."

"निजलीय? एक पान नाही हिच्यावर! पाणी कधी घातलंत?"

"दिवाळीपासून न्हाई."

सरांचा चेहरा लाल झाला. कमिटीला दिलेल्या अहवालात त्यांनी याच आमरीचा पावसाळ्यातला हिरवागार फोटो टाकला होता.

"दोन महिने पाणी नाही? मावशी, तुम्हाला ठेवलंय कशाला? आत्ताच्या आत्ता बादलीत बुडवा."

"बुडवली तर कुजंल सर. थंडीत हिला पानी नगं असतं."

"मला शिकवू नका."

बनाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. पावसाळा सरला की ही जात पानं झाडते, गाठींतल्या ओलाव्यावर जगते. हे मी वर्गात शिकवलेलंही होतं. पण माझी पुढची नेमणूकही सरांच्याच शिफारशीवर होणार होती. मी हजेरीपट उघडून त्यात डोकं घातलं.

सरांनी स्वतःच बादली ओढली. तेवढ्यात बनाबाईंनी ढलपी काढून छातीशी धरली.

"कामावरनं काढा मला. पर ही पान्यात न्हाई घालनार. एक मारलीय मी माझ्या हातानं."

प्रात्यक्षिकाला आलेली पोरं जागच्या जागी थिजली.

"मग तसं लेखी द्या," सर म्हणाले.

बनाबाईंनी माझ्याकडून पेन घेतलं. उभ्या-उभ्याच वहीच्या पानावर लिहिलं, 'मी पाणी घातले नाही व घालणार नाही', आणि खाली सही केली. कागद घेऊन सर निघून गेले.

शुक्रवारी, शनिवारी दारात शिपाई दिसला की बनाबाईंच्या हातातली नळी थांबायची. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

सोमवारी कमिटीतल्या एका बाईंनी अहवालातल्या फोटोवर बोट ठेवलं. "हे झाड कुठं आहे?"

सर अहवालाची पानं चाळू लागले. मी म्हणाले, "ते समोर टांगलंय. मेलेलं नाही मॅडम, विश्रांतीत आहे. बनाबाईंनी मुद्दाम कोरडं ठेवलंय."

बाईंनी चष्मा सावरून त्या बोडक्या गाठी पाहिल्या, काहीतरी टिपलं आणि पुढं गेल्या. चांगलं की वाईट, ते कळलं नाही. सर माझ्याकडं न बघताच त्यांच्यामागं गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका बोडक्या गाठीच्या टोकातून बारीक दांडी निघाली. आठ-दहा दिवसांत तिच्यावर पांढरी, गुलाबी छटेची फुलं आली, नखाएवढी. सर बराच वेळ खिडकीशी उभे होते. माफी त्यांनी मागितली नाही. खुर्ची ओढून म्हणाले, "मावशी, बसा. कशी वाढवायची ते सांगा, मी लिहून घेतो."

बनाबाई उभ्याच राहिल्या. "माती आजिबात न्हाई. सालीचं लाकूड नायतर कोळसा. सकाळचं कवळं ऊन चालंल, दुपारचं न्हाई. नवा कोंब आला की पावसाचं साठवलेलं पानी रोज शिंपडायचं. पानं पिवळी पडली की बंद. गाठी लईच सुरकुतल्या तर पहाटं नुसता दवाएवढा फवारा. आन् मग धीर धरायचा."

त्या वर्षी त्यांची नेमणूक पुन्हा झाली. माझी झाली नाही.