बीबीनं घातलेल्या वेण्या

निघायच्या आदल्या दिवशी बीबीनं मला न्याहारी झाल्यावर जे समोर बसवलं, ते उन्हं उतरेपर्यंत उठू दिलं नाही. बीबी म्हणजे माझ्या आईची आई. स्वाहिलीत आजीला बीबी म्हणतात. गाव म्वांझा, टांझानियातलं, एका अफाट सरोवराच्या काठावरचं. टेकड्यांवर घराएवढाले दगड आणि त्या दगडांच्या मधेमधे घरं. बीबी बुटक्या स्टुलावर, मी खाली चटईवर तिच्या दोन गुडघ्यांमध्ये. आधी तिनं केस पाण्यानं भिजवले. मग बोटांनीच चार भाग केले, तीन बांधून ठेवले आणि चौथ्यातला गुंता टोकाकडून वर सोडवत आली. मी हलले की गुडघ्यानं हळूच दाबायची. "तुलिया," म्हणायची. शांत बस.

आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. मी सात वर्षांची होते. बाबा आत सामान बांधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस होती. बीबी बसपर्यंत आली नाही. दारातच बाबांना हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि आत वळून चटई झटकायला लागली. बसमध्ये मी विचारलं, तेव्हा बाबांनी मराठीत सांगितलं, "ती म्हणाली, या वेण्या महिनाभर टिकतील. मग तिकडं जी कोणी असेल, तिनं सोडून पुन्हा घालाव्यात."

हे सगळं मी मराठीत लिहितेय. म्हणजे ज्या माणसांना मी मागे सोडून आले, त्यांच्यातल्या एकालाही हे वाचता येणार नाही. पण माझ्याजवळ दुसरी भाषा उरली नाही. स्वाहिलीतले दहा-बारा शब्द आहेत, तेही लहान मुलीचे: पाणी, ये, झोप, दुखतंय.

बाबा मूळ इथले, उज्जैनचे. इथली कापडगिरणी बंद पडल्यावर ते म्वांझाच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेले, तिथं आई भेटली. ती गेल्यावर त्यांना तिथं राहवेना. उज्जैनच्या माधवनगर भागात त्यांची थोरली बहीण एकटीच राहायची. शाळेत गणित शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं. तीच माझी सुमाआत्या. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा ती फाटकात उभी होती. तिनं मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हात मधेच थबकला. मला आजही तो थबकलेला हात कळतो. तिला इतकंच म्हणायचं होतं, की बाई गं, हे काय असतं!

महिना झाला, सव्वा महिना झाला. वेण्यांच्या मुळाशी नवे केस येऊन सगळं पिंजल्यासारखं दिसायला लागलं. आत्यानं एका रविवारी दोन वेण्या सोडल्या आणि कोरड्या केसांत वरून कंगवा घातला. कंगव्याचे दात तुटले. मी रडले. तिनं डोक्यावर तेल थापलं, शिकेकाईनं धुतलं, पुन्हा कंगवा घातला. शेजारच्या शर्मा काकू फाटकातून बघत म्हणाल्या, "दीदी, इसके तो उतरवा ही दो. नए आएँगे तो सीधे आएँगे." मग शाळेतून मी उवा घेऊन आले आणि आत्याचा धीर संपला.

"मी परेशान झाले रे," ती बाबांना म्हणाली. "नाहीतरी तिचं जावळ कुठं काढलंय तुम्ही? रामघाटावर नेऊ या. पुण्यही लागेल."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "तू बघ काय ते."

क्षिप्रेच्या रामघाटावर सकाळची गर्दी होती. नाई दगडावर बसला होता. त्यानं आधी कात्रीनं एकेक वेणी कापली आणि समोर कापडावर ठेवली. एकोणीस होत्या. वेणी कापली की नुसती पडते, सुटत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. बीबीनं शेवटाला मारलेली गाठ तशीच होती. मग त्यानं वस्तरा फिरवला. बाबा चार पायऱ्या वर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. आत्यानं वेण्या गोळा केल्या, नदीला वाहिल्या, माझ्या डोक्यावर हळदीचं बोट फिरवलं आणि परत येताना मला जिलबी घेऊन दिली. मी खाल्ली. मला ती आवडली, हेही खरं आहे.

केस परत आले ते तसेच आले. शर्मा काकूंना वाईट वाटलं.

शाळेत मला 'मॅगी' म्हणायचे, कधी 'झाडू', कधी याहून वाईट. आत्या त्याच शाळेत होती, म्हणून तोंडावर कमी. ती दर दोन महिन्यांनी मुलांसारखे बारीक कापून आणायची. मायेनंच करायची. माझ्या पाठीवरच्या घामोळ्यांवर रात्रीसुद्धा चंदन उगाळून लावणारी बाई ती; तिच्या मनात कपट नव्हतं. फक्त माझे केस हा तिला एक आजार वाटायचा, त्याचं औषध तिच्याजवळ नव्हतं.

बारावी झाल्यावर मीच हट्ट धरला. टावर चौकाच्या मागे एक पार्लर होतं. केस सरळ करायचं क्रीम लावलं आणि थोड्या वेळात टाळू भाजायला लागली. सुंदर व्हायला एवढं तर लागत असेल, असं मला वाटलं. घरी आले तेव्हा मानेवर फोड होता आणि केस खांद्यापर्यंत सरळ लोंबत होते. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिचा चेहरा असा उजळला, की मी तो विसरूच शकत नाही.

"आता कशी आपल्या घरातली दिसतेस!" ती म्हणाली.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांना माझ्यात आई दिसायची का, आणि त्या दिवसापासून दिसेनाशी झाली का, हे मी कधी विचारलं नाही. पाच वर्षांनी ते गेले. विचारायचं राहिलंच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले. दर तीन महिन्यांनी पार्लर, दर तीन महिन्यांनी तीच आग. लोक तरीही विचारायचेच. घाटावर पंडे इंग्रजीत विचारायचे, "विच कंट्री, मॅडम?" मी म्हणायचे, "माधवनगर से हूँ, भैया. पूजा नहीं करवानी." ते हसायचे, मीही हसायचे. तिशीत आले तेव्हा कानांच्या वर दोन्हीकडे रुपयाएवढे चट्टे पडले. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे सगळं बंद करा, नाहीतर मुळंच मरतील. मी घरी येऊन कात्रीनं सरळ भाग सगळा कापून टाकला. आरशात बोटभर उंचीचे, घट्ट वळलेले, काळे केस उरले. खाली जे उरलं ते कुणाचं डोकं आहे, हे मला सांगता येईना.

त्याच पावसाळ्यात नीमा लॅबमध्ये आली. इथं कॉलेजात शिकायला आलेली टांझानियाची मुलगी, डेंग्यूची तपासणी करायला. मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि ती तापातसुद्धा माझ्या डोक्याकडे बघत होती. तुटक्या हिंदीत म्हणाली, "दीदी, आपके बाल प्यासे हैं."

मला हसू आलं आणि मग तिथंच, हातात सिरींज असताना, डोळे भरून आले.

बरी झाल्यावर ती रविवारी आमच्याकडे यायला लागली. तिनं माझ्या घरातलंच सामान मागितलं. अळशी उकळून तिचा चिकट रस गाळला. अंगणातली कोरफड कापली. खोबरेलात एरंडेल मिसळलं. आत्याच्या जुन्या साटनच्या परकराचं कापड उशीला चढवलं, कारण सुती उशी केसांतलं पाणी पिऊन टाकते. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही. आधी पाणी, मग चार भाग, मग टोकाकडून वर. ती सांगत होती आणि माझ्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं. मी डोळे मिटून बसले. मागं नीमा होती. तिच्या जागी कोण आहे असं मला वाटत होतं, ते लिहीत नाही.

आत्या दाराशी उभी राहून बघायची. दुसऱ्या रविवारी खुर्ची घेऊन बसली. तिसऱ्या रविवारी नीमा गेल्यावर मी तिला विचारलं. पंचवीस वर्षं मनात होतं ते.

"आत्या, रामघाटावर का नेलंस मला?"

तिला कळलंच नाही असं ती दाखवू शकली असती. तसं केलं नाही तिनं. "मला येत नव्हतं गं," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं? साऱ्या उज्जैनमध्ये मी कुणाला विचारणार होते?"

"मला विचारायचंस."

"तू सात वर्षांची होतीस."

"हो. पण मला येत होतं. मला माहीत होतं, आधी पाणी लावायचं ते."

आत्या उठून देवाजवळ दिवा लावायला गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही तिला आग्रह केला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नीमानं फोनाफोनी करून माझ्या मामाचा पत्ता काढला. व्हिडिओवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस दिसला, त्याची भुवई आईसारखी. नीमा त्याचं बोलणं मला हिंदीत सांगत होती. बीबी दोन वर्षांपूर्वी गेली होती. सुरुवातीच्या वर्षांत तिनं दोनदा टेलिफोन ऑफिसात जाऊन बाबांना फोन लावला होता. बाबांनी सांगितलं, मुलगी भाषा विसरली आहे, तुम्ही काय बोलाल तिच्याशी? बीबीनं मग पुन्हा लावला नाही. नीमा हे सांगताना अडखळली, तेव्हाच मला कळलं की ती काहीतरी गाळते आहे. मी म्हटलं, सगळं सांग. तेव्हा ती म्हणाली, "मामाजी कह रहे हैं, बीबी पूछती थीं, उसके बाल कौन बनाता है."

बाबांवर मी तेव्हा जेवढी रागावले तेवढी कधीच रागावले नव्हते. राग तरी कुणावर काढणार? भिंतीवरच्या फोटोवर?

गेल्या वर्षी मी म्वांझाला जाऊन आले. दगड तसेच आहेत. मला वाटलं होतं त्याहून लहान. मामी मिठीत घेऊन रडली. गल्लीतली मुलं मला 'म्हिंदी' म्हणत होती, म्हणजे हिंदुस्थानी बाई. आई आणि बीबी शेजारी शेजारी आहेत. दोन सिमेंटचे चौथरे, एकावर नाव पुसट झालेलं. मी तिथं उभी राहिले आणि तोंडातून मराठीच आली. "उशीर झाला," म्हटलं. मामानं टोपी काढून हातात धरली होती. त्याला शब्द कळला नाही, पण त्यानं मान हलवली.

तीन आठवड्यांनी परत आले. नीमाचं शिक्षण संपलं होतं, तीही निघून गेली. आता माझे केस मीच बघते. दर रविवारी अर्धा दिवस जातो, दंड भरून येतात, मागचा भाग नीट होत नाही. मागचा भाग दुसऱ्या माणसाचाच असतो, हे मला आता कळतं.

या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, हात धरून न्यावी लागते. मी साडी नेसले होते, केस वेण्या घालून वर बांधले होते. एक नवी सून, पुण्याहून लग्न होऊन आलेली, कुंकू लावताना अवघडून माझ्याकडे बघत राहिली. इथं सगळी मराठी घरं पाच-सहा पिढ्या राहूनही एकमेकांना विचारतात, तेच तिनं विचारलं.

"तुमचं मूळ गाव कोणतं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा निघाला. आजूबाजूच्या चार बायका वळल्या.

"तिचं म्वांझा," आत्या म्हणाली. "तिची आजी तिथली. फार सुरेख वेण्या घालायची."