बादलची जागा

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, हे आंघोळीला गेले होते, तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर उत्तमसिंग राठोड. बोटांना वाळलेला पिवळा रंग.

पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकच्या पाठी रंगवणारे हे उत्तमसिंग. त्यांची बायको हंसाबाई आरसेकामाच्या पिशव्या शिवते. दुपारी माझ्याकडे आणून देते, मी ओळखीत विकते.

"हंसा बोलून नाही राह्यली माह्याशी," म्हणत ते पायरीवरच बसले. दिलेला चहा हातातच राहिला.

त्यांचा एकुलता मुलगा बादल तापानं गेला, तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. त्यांच्या बंजारा तांड्यात बिनलग्नाच्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. पुरताना बायका तिथवर जात नाहीत. नंतर उत्तमसिंगांनी एकट्यानं जाऊन खुणेला दगड ठेवला. हात रंगाऱ्याचा, म्हणून ट्रकच्या निळ्या रंगानं रंगवलाही. तिथेच चुकलं. माळावर निळा दगड दिसताच कुणी शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला, आणि वर्षभरात तो उचलून तांड्याच्या वाटेवर ओटा बांधून बसवला. पावसानं माळ सपाट झाला. आता बापालाही जागा सांगता येत नाही.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"लोकं डोकं टेकवून राह्यले ताई. त्याइले काय सांगू, देव नाही, माह्या पोराच्या उशाचा दगड हाय?"

त्याच साली ते एका ड्रायव्हरबरोबर जैसलमेरकडे गेले होते. "आमचे जुने लोकं तिकडूनच बैलं हाकत आले म्हणते. म्हटलं, मूळ तरी पाहू. तर नुसती रेती. सांजची टेकडी सकाळी भलतीकडंच! बकऱ्या चारणाऱ्या एका बुढीले इचारलं, तुमचे मेलेले कुठं ठेवता? म्हणे, ठेवतो इथंच, पण जागाच राहत नाही."

आल्यापासून ते ट्रकवर फक्त रेतीचं चित्र काढतात. पिवळी, रिकामी. उंट नाही, माणूस नाही. ड्रायव्हर चिडवतात, "उत्तमभाऊ, मोर काढ ना गड्या! गाडीवर रेती पाहून तहसीलवाले पकडतीन मले!" काम कमी झालं, तरी रेतीच. मी एकदा विचारलं होतं, यात घरचं कुणीच कसं नाही? म्हणाले, "हायेत ना सगळे. खाली."

दर दिवाळीला हंसाबाई शिरा घेऊन निघते आणि ते माळावर कुठली तरी जागा दाखवतात. यंदा तिनं त्यांना पकडलं. म्हणाली, मागच्या साली इथं बोरीचं झाड नव्हतं.

"म्हणे, बाप असून पोराची जागा इसरला. मी हो म्हटलं."

"खरं सांगून टाका तिला."

"वावरात जाता-येता त्याच दगडाच्या पाया पडते ती. सांगितलं तर तिथून उठन का? अन् तांडा तिले देवापुढं रडू देईन का?" त्यांनी कप खाली ठेवला. साय धरलेला चहा तसाच होता. "तुमचं आयकते ती. दुपारी आली का इतकंच म्हणजा, त्या दगडापाशी रोज जराशी बसत जाय. काहून, ते नका सांगू."