सुलभाचं नाव

हे मी अजितलासुद्धा सांगितलेलं नाही — नवऱ्याला! तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

माझी शाळेपासूनची मैत्रीण सुलभा, कोकणात आमच्या गावीच असते. गच्चीवरून वरात बघताना गोळी लागून तिची थोरली मुलगी गेली. कुणीतरी मिरवायला म्हणून परवान्याच्या बंदुकीतून बार काढले होते. खासदार भेटायला आले, सगळ्यांसमोर शब्द दिला — असे बार काढणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द व्हावा म्हणून शस्त्र कायद्यात बदलाचं विधेयक मी मांडणार. मग? मग काय, काही नाही.

म्हणून आम्ही एक पेज काढलं. प्रत्येक अधिवेशनात ते काय बोलले ते मी इथे शारजात बसून शोधायचे आणि टाकायचे — बंदुकीबद्दल अवाक्षर नाही. पेजवर नाव कुणाचंच नव्हतं. सुलभा म्हणायची, "लिही गं तू, तुला तिकडे कोण धरणार?"

कोण धरणार! इथे एका पोस्टवरून केस होते, व्हिसा जातो, खलास — हे तिला काय माहीत? मी घाबरायचे, तरी लिहायचे. मोठी शहाणी!

मग खासदार दुबईला आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आले. अजित स्वागत समितीत. फोटो काढताना त्यांनी हसत विचारलं, "वहिनी, तुम्ही आमच्याच भागातल्या ना? ते पेज गल्फमधून चालतं म्हणे. कोण असेल हो?"

माझ्यावर संशय होता का? देव जाणे. आणि मी — कुणी गळा धरला नव्हता माझा — म्हटलं, "इथून नाही हो सर, ते सुलभाच चालवते." वर हसलेसुद्धा.

त्याच आठवड्यात चार माणसं तिच्या दारात गेली. धाकटी मुलगी कुठल्या कॉलेजला जाते, कधी परत येते, एवढंच विचारलं. सुलभाने पेज बंद केलं. मला फोन केला तेव्हा रडत होती. "मी सांगितलं त्यांना, पेज माझं एकटीचं आहे. तुझं नाव येऊ दिलं नाही. तू घाबरू नकोस हं."

मी म्हटलं, "थँक्यू गं."

धाकटी अजून एकटी घराबाहेर पडत नाही. सुलभाचा फोन आला की मी तो नुसता वाजू देते. माझी लेक ओरडते, "मम्मा, जस्ट पिक अप!" मग घेते. कुणी सांगितलं असेल गं, असं सुलभा मलाच विचारते. मी म्हणते, काय माहीत.