ब्लाउजच्या आतला खिसा

ताईच्या कानाचं मशीन आलं त्या संध्याकाळी पहिली वाट लागली बाबांची. बाबा बशीत चहा ओतून पीत होते आणि ताई समोरून एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज एवढा आवाज करता?" आम्ही हसून हसून लोळलो. बाबा बिचारे उरलेला चहा गपचूप कपातून प्यायले.

ताई माझ्याहून बरीच मोठी. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. अगदी पूर्ण नाही, पण दाराची बेल कळत नाही इतपत. ती ओठ बघून समजून घ्यायची, त्याच्या जोरावर एसएससी झाली आणि मग घरीच बसली. मशीन म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढा डबा. आत पेन्सिल सेल, डब्यातून एक वायर निघून थेट कानापर्यंत. कानात बसणारा तुकडा तिच्या कानाचं माप घेऊन बनवलेला. डबा छातीवर अडकवायला पट्टासुद्धा मिळाला होता. देणाऱ्याने बजावलं होतं की डबा कपड्यांच्या वरूनच लावा, आवाज जातो तो त्याच्या जाळीतून. हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. चांगले कान असलेल्यांनीसुद्धा.

पहिले काही दिवस काय मजा होती सांगू! ताई गाऊनवर डबा लटकवून घरभर फिरायची आणि प्रत्येक आवाजाला, हे काय, ते काय. फोडणी तडतडते ते तिला फार आवडलं. पंख्याचा आवाज अजिबात आवडला नाही. म्हणाली, हे तुम्ही सगळे सहन कसं करता यार.

आणि मग तिनेच नोकरी शोधली. आमच्या मुलुंडला बायकांनी चालवलेलं एक ग्राहक भांडार होतं, डाळी, रवा, साखर, साबण असलं सगळं. तिथे काउंटरवर मुलगी हवी होती. ताई एकटी गेली, एकटी बोलली, आणि भांडाराच्या बाईंनी महिनाभर करून बघ म्हणून सांगितलं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मीच नाचायला लागले. स्वतःच्या पायावर उभं राहणं वगैरे आपण नुसतं बोलतो. ताईला ते खरंच हवं होतं, दुसरं काहीच नको होतं.

आई नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, मशीन दिसता कामा नये.

का, तर स्थळं. आमच्याकडे मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिच्यातलं जे काही झाकता येईल ते झाकायचं. आईचा हात शिवणात असा बसलेला की बघत राहावं. तिने ताईच्या सगळ्या ब्लाउजांना आतून खिसे शिवले, त्याला फ्लॅनेलचं अस्तर, म्हणजे डब्याचा उंचवटा दिसू नये. वायर पाठीमागून मानेवर, वेणीखालून कानात, वरून केस. शेजारच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. काय शिवलंय गं, कळतसुद्धा नाही, झकास. बाबांनीही मान डोलावली. सगळे खूश. आता तिला ऐकू येतंय का, हे कोणी विचारलंच नाही.

येत नव्हतं. फ्लॅनेलचं अस्तर, त्यावर ब्लाउज, त्यावर नायलॉनची साडी. ताई हलली की कापड डब्याला घासायचं आणि तेवढंच कानात जायचं. ती मला म्हणाली, दिवसभर कोणीतरी माझ्या कानात पेपर चुरगाळतंय असं वाटतं. आवाज वाढवला की मशीन शिट्टी मारायचं. गिऱ्हाइकं इकडेतिकडे बघायची, आत कुठे कुकर लावलाय की काय. ओठ बघावेत तर लोक पिशवीत तोंड घालून बोलतात. एकच गोष्ट तीनदा विचारावी लागायची, रांग वाढायची, लोक वैतागायचे. एका काकूंनी तर, असल्या मुलींना कशाला ठेवता, असं तिच्या समोरच विचारलं. ते मात्र तिला बरोबर कळलं.

त्या रात्री जेवताना ताईने सरळ सांगितलं की मी उद्यापासून डबा वर लावणार.

आई म्हणाली, "एकदा लग्न होऊ दे गो, मग खुशाल कपाळावर बांध."

"तू चष्मा लावतेस ना? तो का नाही लपवत?"

"चष्मा सगळेच लावतात."

"मग मी पहिली."

बाबा म्हणाले, भात वाढ. आमच्या घरात भांडण असंच संपतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई घरातून निघायची ती आईला हवी तशी. भांडारात पोचली की तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन डबा बाहेर काढायची आणि पट्ट्याने पदरावरून छातीवर बांधायची, सगळ्यांना दिसेल असा. मी एकदा कॉलेजातून येताना मुद्दाम डोकावले. काय सांगू, वेगळीच ताई. पाठ वळवून फळीवरचे पुडे काढतेय आणि मागून कोणी काही मागितलं तर तशीच उत्तर देतेय. एक आजोबा मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, यात बातम्या लागतात का. ताई म्हणाली, "हो, पण फक्त तुमच्या घरच्या." रांगेतले सगळे हसले. भांडाराच्या बाई मला म्हणाल्या, आता कशी छान रुळली. एवढंच तर पाहिजे होतं. एक डबा कपड्याच्या बाहेर!

आमच्या मामीने त्याच सुमारास एक स्थळ आणलं होतं. रीतसर बघायला यायच्या आधी मुलाकडचं कोणीतरी गुपचूप येऊन मुलगी बघून जातं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी कबूल करत नाही. मुलाची मावशी भांडारात आली, अर्धा किलो पोहे घेतले, ताईशी छान गप्पा मारल्या आणि गेली. दोन दिवसांनी मामी निरोप घेऊन आली. मुलगी गुणी आहे हो, बोलायलाही छान आहे, पण आधी सांगायचं ना. म्हणजे त्या मावशीला बोलणं आवडलं, मुलगी आवडली, आणि नाही म्हणाली ती डब्याला. मला तर मामीच्या हातातली चहाची बशी ओढून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी आई सकाळी भाजीला म्हणून बाहेर पडली. ताई तयार होऊन चपला घालत होती. निरोप आलाच आहे, आता लपवायचं काय, म्हणून त्या दिवशी डबा तिने घरातूनच वर बांधला होता. आई परत आली, ओट्याकडे गेली. ताईबद्दल बोलायचं असलं की आमच्याकडे सगळे तिच्याकडे पाठ करतात, म्हणजे ओठ दिसत नाहीत. आई तशीच पाठ करून बाबांना हळूच म्हणाली, "भांडारात सांगून आले. आजपासून नाही यायची म्हटलं."

ताई दारातून म्हणाली, "मला ऐकू आलं."

आई वळली. क्षणभर खरंच दचकली. मग म्हणाली, "बरं झालं. परत सांगायला नको."

बाबांनी पेपर उघडला. ताई मला म्हणाली, तू बोल ना काहीतरी. मी बोलले, खूप बोलले, ओरडलेसुद्धा, पण मला कोण विचारतो.

भांडारात आता दुसरी मुलगी आहे. त्यानंतर स्थळ एकही आलेलं नाही. ताई घरी बसून साड्यांना फॉल लावते. बायका साड्या घेऊन येतात, दार आई उघडते, कधी हवंय ते आई विचारते, रंग आईच ठरवते. आणि वर त्यांना सांगते, हे काम कसं तिला बरं पडतं, कोणाशी बोलावंच लागत नाही.